आम्लप्रतिवाह विकारातील श्वसनस्नायू प्रशिक्षण व हस्तोपचार

जठरातील आम्लयुक्त द्रव्य उलट दिशेने अन्ननलिकेत येण्याच्या विकारावर औषधांच्या जोडीने केल्या जाणाऱ्या व्यायामात्मक व स्पर्शात्मक उपचारांना श्वसनस्नायू प्रशिक्षण व हस्तोपचार असे म्हणतात. श्वसनस्नायू प्रशिक्षणात श्वासपटलाचे बळ व नियंत्रण वाढविण्यासाठी ठरावीक पद्धतीने श्वसन करविले जाते. हस्तोपचारात प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट बरगड्या, श्वासपटल, उदर, मान व पाठ यांवर हातांनी नियंत्रित दाब अथवा ताण देतो. अन्ननलिका व जठर यांच्या संधीभोवती श्वासपटलाच्या तंतूंचे वेष्टन असते व ते झडपेसारखे काम करते, हा या दोन्ही उपचारांचा शारीरिक आधार आहे. उपलब्ध अभ्यास आशादायक असले तरी लहान आहेत. त्यामुळे हे उपचार पूरक मानले जातात. निदान, औषधे अथवा आवश्यक शस्त्रक्रिया यांना ते पर्याय ठरत नाहीत.

नाव व संकल्पना

या विकारास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘गर्ड’ म्हणतात. मराठी बोलीत त्याची लक्षणे पित्त होणे, छातीत जळजळ, आंबट ढेकर, करपट ढेकर, घशाशी येणे अशा शब्दांनी सांगितली जातात. जठरातील द्रव्य अधूनमधून वर येणे ही निरोगी माणसातही घडणारी गोष्ट आहे. या वर येण्यामुळे त्रासदायक लक्षणे अथवा गुंतागुंत निर्माण झाली तरच त्यास विकार म्हणावे, अशी व्याख्या २००६ मध्ये माँट्रियल येथील सहमतीनुसार प्रसिद्ध झाली व ती आज सर्वत्र वापरली जाते.

आयुर्वेदातील अम्लपित्त या संज्ञेशी या विकाराचे बरेच साम्य आहे. चरकसंहितेत अम्लपित्ताचे स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णन नाही. काश्यपसंहितेत व माधवकराच्या माधवनिदानात ते स्वतंत्रपणे येते. माधवनिदानात अम्लपित्ताचे ऊर्ध्वग व अधोग असे दोन प्रकार सांगितले असून त्यांपैकी ऊर्ध्वग प्रकाराची लक्षणे आम्लप्रतिवाहाशी जुळतात. मात्र अम्लपित्त ही संज्ञा अधिक व्यापक आहे. आधुनिक वैद्यकात अपचन, जठरदाह व पेप्टिक व्रण म्हणून वेगळे काढलेले अनेक विकार तिच्यात सामावतात. म्हणून दोन्ही शब्द समानार्थी मानणे योग्य नाही.

प्रतिवाहरोधक यंत्रणा

प्रौढ माणसाची अन्ननलिका साधारण २५ सेंमी लांब असते. ती छातीतून खाली उतरते, दहाव्या वक्षीय मणक्याच्या पातळीवर श्वासपटलातील छिद्रातून उदरात शिरते व जठरास मिळते. या ठिकाणी द्रव्य उलटे येऊ नये म्हणून दोन झडपा एकमेकींवर बसविल्याप्रमाणे काम करतात.

पहिली झडप म्हणजे अन्ननलिकेचा खालचा परिसंकोची स्नायू. तो सुमारे ३ ते ४ सेंमी लांबीचा असून विश्रांतीच्या स्थितीत त्याचा दाब साधारणतः १० ते ३० मिमी पारा इतका असतो. हा अनैच्छिक स्नायू असल्याने इच्छेने आवळता अथवा सैल करता येत नाही.

दुसरी झडप म्हणजे श्वासपटलाचा पादभाग. श्वासपटल हा छाती व उदर यांना विभागणारा घुमटाकार स्नायू असून त्यास मध्यपटल असेही नाव आहे. त्याचे मागील बाजूचे तंतू, विशेषतः उजव्या पादाचे तंतू, अन्ननलिकेभोवती फास घातल्यासारखे असतात. श्वास आत घेताना श्वासपटल आकुंचन पावते तेव्हा हा फास आवळला जातो. शांत श्वसनात या संधीवरील दाब त्यामुळे १० ते २० मिमी पाऱ्याने वाढतो, तर दीर्घ श्वास घेताना ही वाढ ५० ते १५० मिमी पाऱ्यापर्यंत जाऊ शकते.

या वाढीची गरज श्वसनाच्या यंत्रणेतच आहे. श्वास आत घेताना छातीतील दाब कमी होतो व उदरातील दाब वाढतो. परिणामी जठरातील द्रव्य वर ओढले जाण्याची प्रवृत्ती प्रत्येक श्वासागणिक निर्माण होते. नेमक्या त्याच क्षणी श्वासपटल अन्ननलिकेस आवळून धरते. खोकला, वजन उचलणे, कुंथणे, खाली वाकणे या क्रियांत उदराचा दाब वाढतो तेव्हाही हे संरक्षण उपयोगी पडते.

श्वासपटलास मानेतील तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मज्जारज्जू-मुळांपासून निघणाऱ्या तंत्रिकेचा पुरवठा असतो. ते सांगाड्याच्या स्नायूंप्रमाणे रेखांकित असते. श्वसन आपोआप चालू राहते, तरी ते इच्छेनेही बदलता येते. त्यामुळे दंड अथवा मांडीच्या स्नायूप्रमाणे श्वासपटलासही सरावाने बळकट करता येते. पहिल्या झडपेला व्यायाम देता येत नाही, दुसरीला देता येतो. श्वसनस्नायू प्रशिक्षणाचा संपूर्ण विचार या एका भेदावर उभा आहे.

यंत्रणा बिघडण्याची कारणे

प्रतिवाहाचे सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे परिसंकोची स्नायूचे क्षणिक शिथिलीकरण होय. घास गिळलेला नसतानाही हा स्नायू १० सेकंदांहून अधिक काळ सैल पडतो व त्याच वेळी श्वासपटलाचा पादभागही सैल होतो. जेवणाने जठर ताणले गेल्यावर अशी शिथिलीकरणे वाढतात. ढेकर याच मार्गाने येतो.

दुसरे कारण हायटस हर्निया हे आहे. यात जठराचा वरचा भाग श्वासपटलातील छिद्रातून छातीत सरकतो. एकमेकींवर असलेल्या दोन झडपा त्यामुळे वेगळ्या होतात व त्यांचा एकत्रित परिणाम कमी होतो. मोठ्या हर्नियात श्वासपटल कितीही बळकट केले तरी ते योग्य जागी आवळत नाही. अशा रुग्णांत व्यायामाचा उपयोग मर्यादित राहण्याचे कारण हे आहे.

स्थूलता, गर्भावस्था, धूम्रपान, तंबाखू, मद्य, स्निग्ध व अति जेवण, जेवणानंतर लगेच आडवे होणे आणि काही औषधे यांमुळेही प्रतिवाह वाढतो.

भारतातील व्याप्ती

भारतीय जठरांत्रविज्ञान संस्थेच्या कृतिदलाने देशातील १२ केंद्रांतून ३,२२४ व्यक्तींची प्रश्नावलीद्वारे पाहणी केली. तिचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ७.६ टक्के व्यक्तींना या विकाराची लक्षणे होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील जठरांत्रविकारतज्ज्ञ डॉ. शोभना भाटिया या अहवालाच्या प्रमुख लेखिका होत्या. निरनिराळ्या प्रदेशांत प्रमाण निरनिराळे आढळते. आहार, वजन व सवयी यांतील फरक हे त्याचे एक कारण मानले जाते.

औषधोपचार व त्यांची मर्यादा

या विकारावर प्रोटॉन पंप रोधक गटातील औषधे सर्वाधिक वापरली जातात. या गटातील पहिले औषध ओमेप्राझोल १९८८ मध्ये बाजारात आले. पँटोप्राझोल, राबेप्राझोल व इसोमेप्राझोल ही त्याच गटातील पुढील औषधे होत. नेहमीच्या लक्षणांत प्रथम साधारण ८ आठवडे, दिवसातून एकदा, जेवणापूर्वी अशी ती दिली जातात. अन्ननलिकेतील व्रण भरून येण्यासाठी ती अत्यंत परिणामकारक आहेत.

ही औषधे जठरात तयार होणारे आम्ल कमी करतात, परंतु झडप दुरुस्त करीत नाहीत. द्रव्य वर येतच राहते, फक्त ते कमी आम्लयुक्त असते. त्यामुळे जळजळ थांबली तरी घशाशी येणे, खोकला, ढेकर ही लक्षणे काहींमध्ये राहतात. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना औषध घेऊनही पूर्ण आराम पडत नाही. औषध एकाएकी बंद केल्यास काही काळ आम्लनिर्मिती पूर्वीपेक्षा वाढते व रुग्ण पुन्हा गोळीकडे वळतो. झडपेवरच काम करणाऱ्या उपचारांकडे वैद्यकाचे लक्ष वळण्यामागे या मर्यादा आहेत.

श्वसनस्नायू प्रशिक्षणाचे प्रकार

उदरश्वसन अथवा श्वासपटलीय श्वसन हा सर्वांत सोपा प्रकार होय. रुग्ण पाठीवर निजून गुडघे वाकवितो व एक हात छातीवर, दुसरा पोटावर ठेवतो. नाकाने सावकाश श्वास घेताना पोटावरील हात वर उचलला जावा व छातीवरील हात शक्य तितका स्थिर राहावा, असा प्रयत्न असतो. श्वास सोडताना ओठ किंचित मिटून हवा हळूहळू बाहेर सोडली जाते व पोट खाली बसते. निजून जमू लागल्यावर हाच सराव बसून व नंतर उभे राहून केला जातो. खांदे उचलणे, पोट जोराने पुढे ढकलणे व घाईघाईने श्वास घेणे या नेहमी आढळणाऱ्या चुका होत. घेरी आल्यास अथवा बोटांना मुंग्या आल्यास श्वसन प्रमाणापेक्षा जलद होत आहे असे समजून थांबतात.

रोधयुक्त अंतःश्वसन प्रशिक्षण हा दुसरा प्रकार होय. यात तोंडात धरावयाच्या लहान उपकरणातून श्वास घेतात. उपकरणातील स्प्रिंगची झडप ठरावीक दाब निर्माण झाल्याशिवाय उघडत नाही, म्हणून प्रत्येक श्वासाला श्वासपटलास भार उचलावा लागतो. प्रथम रुग्णाचा कमाल अंतःश्वसन दाब मोजतात. त्याच्या सुमारे ३० टक्के इतक्या भाराने सुरुवात करून तो क्रमाने वाढवितात. रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर दिले जाणारे तीन चेंडूंचे श्वसनयंत्र याहून वेगळे आहे. त्यात श्वासाचा वेग दिसतो, स्नायूवर ठरावीक भार पडत नाही.

परिणाम दिसण्यास आठवडे लागतात. बहुतेक अभ्यासांत ४ ते ८ आठवडे रोज सराव करविण्यात आला होता. सराव सोडल्यास कोणत्याही स्नायूप्रमाणे येथेही लाभ ओसरतो.

प्रशिक्षणावरील संशोधन

ऑस्ट्रियातील ग्राट्झ येथे झालेला यादृच्छिक नियंत्रित अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९ रुग्णांपैकी १० जणांना उदरश्वसनाचे शिक्षण देण्यात आले व ९ जणांना देण्यात आले नाही. अन्ननलिकेत व्रण नसलेले अथवा भरून आलेले व मोठा हर्निया नसलेले रुग्णच निवडले होते. चार आठवड्यांनी, अन्ननलिका आम्लयुक्त राहण्याचा काळ सराव करणाऱ्यांत सरासरी ९.१ टक्क्यांवरून ४.७ टक्क्यांवर आला. दुसऱ्या गटात बदल आढळला नाही. नऊ महिन्यांपर्यंत सराव चालू ठेवणाऱ्यांचा औषधाचा साप्ताहिक वापर सरासरी ९८ मिग्रॅवरून २५ मिग्रॅपर्यंत घटला.

ब्राझीलमधील संशोधकांनी २०१३ मध्ये रोधयुक्त अंतःश्वसन प्रशिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १२ रुग्ण व ७ निरोगी व्यक्तींनी ८ आठवडे सराव केला. अन्ननलिका-जठर संधीवरील दाब वाढला, क्षणिक शिथिलीकरणांची संख्या घटली व रुग्णांची छातीतील जळजळ व द्रव्य वर येणे कमी झाले.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २३ रुग्ण व १० निरोगी व्यक्तींना जेवणानंतर उदरश्वसन करावयास लावून दाब व प्रतिवाह यांचे मापन करण्यात आले. दिखाऊ व्यायामाच्या तुलनेत उदरश्वसनाने जेवणानंतरच्या प्रतिवाहाच्या घटना कमी झाल्या. जेवणानंतरचा काळ हाच त्रासाचा मुख्य काळ असल्याने या निष्कर्षास व्यवहारात महत्त्व आहे.

अमेरिकन जठरांत्र संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात, अन्ननलिका अतिसंवेदनशील असलेल्या अथवा लक्षणांविषयी सतत सावध राहणाऱ्या रुग्णांसाठी श्वासपटलीय श्वसन व शिथिलीकरण यांचा उल्लेख आहे.

हस्तोपचार

हाताने हाडे, सांधे व स्नायू यांवर उपचार करण्याच्या पद्धती जगभर प्राचीन काळापासून आहेत. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथी या पद्धतीची मांडणी केली. आम्लप्रतिवाहावरील हस्तोपचाराची बरीच तंत्रे या परंपरेतून आली आहेत. श्वासपटल शिथिलीकरण या तंत्रात रुग्ण पाठीवर निजतो व उपचारक बरगड्यांच्या खालच्या कडेवर हात ठेवून श्वासाच्या लयीबरोबर हलका ताण देतो. याशिवाय बरगड्यांची व पाठीच्या मणक्यांची हालचाल मोकळी करणे, जठराच्या वरच्या भागावर मृदू दाब देणे आणि श्वासपटलाची तंत्रिका जेथून निघते त्या मानेच्या भागावर उपचार करणे ही तंत्रे वापरली जातात.

ब्राझीलमध्ये ३८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात २२ जणांना श्वासपटलावरील ऑस्टिओपॅथिक तंत्र व १६ जणांना दिखाऊ तंत्र देण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात परिसंकोची स्नायूचा दाब ९ ते २७ टक्क्यांनी वाढला. हे मापन उपचारानंतर लगेचचे होते. त्यावरून दीर्घकालीन लाभ सिद्ध होत नाही. स्पेनमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० रुग्णांना श्वासपटलाच्या आवरणावरील हस्तोपचार अथवा दिखाऊ उपचार देण्यात आला. खऱ्या उपचाराच्या गटात लक्षणे व औषधांचा वापर कमी झाल्याचे चार आठवड्यांनंतर आढळले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या स्पॅनिश अभ्यासात ६० रुग्ण होते व एका आठवड्यानंतर लक्षणांत सुधारणा नोंदविली गेली.

हस्तोपचाराच्या अभ्यासांत एक अंगभूत अडचण आहे. आपण खरा उपचार देतो की दिखाऊ, हे उपचारकास माहीत असते. स्पर्शाने व आपुलकीच्या लक्षाने मिळणारा दिलासा वेगळा काढणेही कठीण असते. म्हणून श्वसनस्नायू प्रशिक्षणाच्या तुलनेत हस्तोपचाराचा पुरावा अधिक दुर्बल मानला जातो. व्यवहारात तो मुख्यतः आखडलेल्या बरगड्या मोकळ्या करून श्वसनाचा सराव सुलभ करण्यासाठी योजतात.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

श्वासपटलाच्या हालचालीचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली. त्यापूर्वी ते खानदेशातील अमळनेर येथे शिक्षणक्षेत्रात कार्यरत होते. उड्डियान व नौली या क्रियांत शरीराच्या पोकळ्यांतील दाब कसा बदलतो, याचा त्यांनी क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने अभ्यास केला व निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून, श्वासमार्ग बंद ठेवून छाती फुगविली जाते व श्वासपटल वर ओढले जाते. हे प्रयोग आम्लप्रतिवाहावरील नव्हते, तथापि श्वसनक्रियेचे परिणाम मोजून पाहावेत ही दृष्टी त्यांतून रुजली.

योगक्रिया व श्वसनस्नायू प्रशिक्षण यांत साम्य असले तरी त्या एक नव्हेत. कपालभाती, अग्निसार, उड्डियान व नौली यांत उदराचा दाब झपाट्याने बदलतो. हायटस हर्निया, पेप्टिक व्रण, उच्च रक्तदाब, हृदयविकार अथवा गर्भावस्था असताना त्या वर्ज्य मानल्या जातात. जेवणानंतर त्या करू नयेत असे योगपरंपरेतही सांगितले आहे. सावकाश उदरश्वसनात असा जोर नसल्याने ते तुलनेने निर्धोक आहे.

फिजिओथेरपीचे आधुनिक शिक्षण महाराष्ट्रात १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. आज नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ या विषयाची पदवी देते.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

बुलढाणा हा विदर्भाच्या पश्चिम सीमेवरील, अमरावती विभागातील जिल्हा असून त्यात १३ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती व तीत ग्रामीण लोकसंख्येचा वाटा मोठा आहे. जिल्ह्यासाठी मंजूर झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातील अन्य नव्या महाविद्यालयांसह झाले. अन्ननलिकेचे दाबमापन व २४ तासांचे आम्लमापन या चाचण्या मात्र सहसा मोठ्या शहरांतील विशेष केंद्रांतच होतात. ग्रामीण भागात निदान प्रामुख्याने लक्षणांवरून व औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून केले जाते.

जिल्ह्यातील शेतीच्या कामांचा या विकाराशी जवळचा संबंध जोडता येतो. निंदणी व सोयाबीनची सोंगणी ही कामे उकिडवे बसून अथवा कमरेत वाकून करावी लागतात. कापूस वेचताना कमरेला ओटी बांधली जाते. भाकरी खाऊन लगेच वाकल्यास अथवा कमरेस घट्ट बांधल्यास उदराचा दाब वाढतो व जठरातील द्रव्य वर येण्यास वाव मिळतो. जेवणानंतर काही वेळ उभ्याने करावयाची कामे आधी उरकणे व ओटीचे बंध सैल ठेवणे, हा साधा बदलही उपयोगी पडतो. तुपातले वरण-रोडगे अथवा तळलेली कचोरी असे स्निग्ध जेवण जठरात अधिक काळ राहते. ते रात्री उशिरा न घेता दुपारी घेतल्यास त्रास कमी होतो. तिखटाचा परिणाम प्रत्येकावर सारखा नसतो, म्हणून ठेचा सर्वांनाच वर्ज्य करण्याचे कारण नाही. ज्याला तो बाधतो त्याने टाळावा. तंबाखूतील निकोटीन परिसंकोची स्नायूचा दाब कमी करते. त्यामुळे जेवणानंतर तंबाखू-चुना मळून खाण्याची सवय जळजळीस थेट हातभार लावते.

जिल्ह्याच्या उत्तरेकडील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद व नांदुरा या तालुक्यांचा बराच भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील भूजल खारट असून मूत्रपिंडाच्या विकारांचा प्रश्न या पट्ट्यात दीर्घकाळ चर्चिला गेला आहे. औषधांच्या वापराच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते. प्रोटॉन पंप रोधकांमुळे क्वचित मूत्रपिंडाचा तीव्र दाह होतो. त्यांचा दीर्घ वापर व मूत्रपिंडाचा जुनाट विकार यांत संबंध असल्याचे निरीक्षणात्मक अभ्यासांत आढळले आहे, मात्र कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमयुक्त आम्लनाशक औषधे मूत्रपिंड दुर्बल असलेल्यांच्या शरीरात साचू शकतात. अंगदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या तर जठर व मूत्रपिंड या दोहोंस अपाय करू शकतात, आणि अनेक जण त्यांच्या जोडीलाच पित्ताची गोळी घेतात. अशा परिस्थितीत गोळ्या वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने न घेता डॉक्टरांकडून वेळोवेळी गरज तपासून घेणे आवश्यक ठरते. औषधाची मात्रा कमी करता येण्यासारख्या रुग्णांत बिनखर्चाच्या उदरश्वसनाचे मोल येथे विशेष आहे. अन्ननलिकेत तीव्र व्रण असलेल्या रुग्णाने मात्र मूत्रपिंडाच्या भीतीने औषध परस्पर बंद करणे तितकेच धोक्याचे आहे.

पोटाच्या तक्रारीला ‘बेंबी सरकली’ असे म्हणून पोट चोळून अथवा दाबून घेण्याची प्रथा ग्रामीण महाराष्ट्रात आहे. वर वर्णिलेला हस्तोपचार व ही प्रथा यांत मूलभूत फरक आहे. हस्तोपचार तपासणीनंतर, हलक्या व मोजक्या दाबाने केला जातो. निदान न करता पोट जोराने चोळल्यास आंत्रपुच्छदाह, आतड्याची अडवणूक अथवा व्रण फुटणे यांसारख्या गंभीर आजारांत रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

पूरक उपाय

वजन अधिक असल्यास ते कमी करणे, एका वेळी कमी खाणे, रात्रीचे जेवण व झोप यांत सुमारे ३ तासांचे अंतर ठेवणे आणि डाव्या कुशीवर झोपणे हे उपाय सर्वमान्य आहेत. रात्री त्रास होणाऱ्यांनी उशाकडील बाजू १५ ते २० सेंमी उंच करावी असे सांगितले जाते. त्यासाठी पलंगाच्या अथवा बाजेच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवल्या तरी चालतात. नुसत्या उशा वाढविल्यास कमरेत घडी पडते व उदराचा दाब उलट वाढतो.

धोक्याची लक्षणे व निषेध

पुढील लक्षणे असल्यास व्यायाम अथवा हस्तोपचार सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी, बहुधा एंडोस्कोपी, आवश्यक असते : घास अडकणे अथवा गिळताना दुखणे, कारणाशिवाय वजन घटणे, रक्ताची उलटी, काळी डांबरासारखी शौचास होणे, रक्तक्षय, सतत उलट्या आणि उतारवयात प्रथमच सुरू झालेली जळजळ. दीर्घकालीन प्रतिवाहातून अन्ननलिका आकसणे, तिच्या अस्तरात बदल होणे व क्वचित कर्करोग होणे असे परिणाम संभवतात.

छातीतील जळजळ व हृदयविकाराचा झटका यांची गल्लत होणे हा सर्वांत घातक प्रकार होय. छातीत दडपण, वेदना डाव्या हातात, जबड्यात अथवा पाठीत जाणे, दरदरून घाम व धाप ही लक्षणे असल्यास ‘पित्त असेल’ असे समजून गोळी अथवा श्वसनाचा व्यायाम करीत वेळ घालवू नये. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात हृदयविकाराची लक्षणे अस्पष्ट असू शकतात. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

छातीच्या पोकळीत हवा साठण्याचा पूर्वेतिहास, कानाचा पडदा फाटलेला असणे, नुकतीच झालेली छातीची अथवा पोटाची शस्त्रक्रिया व अस्थिर हृदयविकार यांत रोधयुक्त उपकरण वापरत नाहीत. गर्भावस्था, अस्थिविरलता, बरगडीचा अस्थिभंग, महारोहिणीचा फुगवटा, यकृतविकारामुळे अन्ननलिकेत फुगलेल्या रक्तवाहिन्या व उदरातील अर्बुद यांत उदरावरील हस्तोपचार टाळला जातो.

मूल्यमापन

श्वसनस्नायू प्रशिक्षणाच्या बाजूने शरीरक्रियाविज्ञानाचा आधार स्पष्ट आहे व मापनातही त्याचा परिणाम दिसला आहे. सौम्य विकार, लहान हर्निया अथवा त्याचा अभाव, जेवणानंतरचा त्रास, वारंवार ढेकर आणि औषधाने अपुरा आराम अशा रुग्णांना त्याचा लाभ होण्याची शक्यता अधिक मानली जाते. सहभागी रुग्णांची अल्प संख्या, अल्प कालावधी आणि प्रत्येक अभ्यासातील व्यायामाची वेगळी पद्धत या त्याच्या पुराव्यातील उणिवा आहेत. व्यायामाने मोठा हर्निया जागेवर येत नाही व व्रण भरल्याची खात्री देता येत नाही. म्हणून निदान झाल्यावर, औषधोपचार चालू ठेवून सराव सुरू करणे व लक्षणे कमी झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधाची मात्रा क्रमाने उतरविणे हा क्रम ग्राह्य मानला जातो.

हे सुद्धा पहा

श्वासपटल
अन्ननलिका
अम्लपित्त
प्राणायाम
कैवल्यधाम
खारपाणपट्टा
बुलढाणा जिल्हा